गाणे उतरवून घेताना

गाण्याची हौस असलेल्या एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणू या. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात सुमारे दोनशे सीडी ओळीने लावलेल्या आहेत. आजोबांनी नोकरीच्या काळात, पगारातून चार पैसे बाजूला काढून, त्या एकेक करून घेतल्या. त्यांत ख्याल आहेत, नाट्यपदे आहेत, सतार-सरोदाच्या मैफली आहेत. पण त्या वाजवण्याचे यंत्र बिघडले, ते दुरुस्त करणारा कारागीर गावात उरला नाही, आणि घरातील नव्या संगणकाला सीडी घालण्याची जागाच नाही. म्हणून नातीने बाहेरून जोडण्याचा एक सीडी-ड्राइव्ह मिळवला आहे आणि सुटीत सर्व सीडी संगणकात उतरवून घेण्याचे काम अंगावर घेतले आहे. पहिली सीडी आत जाताच पडद्यावर प्रश्न उमटतो : कोणत्या दर्जाने उतरवून घ्यायचे? खाली १२८, १९२, ३२० असे आकडे आणि त्यांच्याही खाली एक अनोळखी शब्द, फ्लॅक.

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु याच घरात तो पूर्वी एकदा घाईने सोडवला गेला होता. २००५ साली नातीच्या बाबांनी चाळीस सीडी अशाच उतरवून घेतल्या. तेव्हाच्या संगणकात जागा थोडी, म्हणून त्यांनी सर्वांत लहान आकडा निवडला. काम होताच, आता यांचा काय उपयोग, असे म्हणून त्या चाळीस सीडी त्यांनी देऊन टाकल्या. त्या चाळीस मैफली आजही घरात आहेत. पण आजोबा त्या लावीत नाहीत. “तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा येतो गं,” एवढेच ते नातीला सांगतात. बाबांना मात्र त्यांनी कधी काही म्हटलेले नाही.

तेव्हा आकडा निवडण्यापूर्वी, सीडीवर असते तरी काय, हे पाहिले पाहिजे.

तंबोऱ्याची तार छेडली की ती कंप पावते, तिच्यासवे भोवतालची हवा कंप पावते, आणि तो कंप आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर हा कंप नागमोडी खाचेच्या रूपाने कोरलेला असतो. सुई त्या खाचेतून फिरली की तीच वळणे पुन्हा आवाज होतात. सीडीची रीत निराळी आहे. तिच्यावर आवाजाचा आकार नसतो, त्याचे मोजमाप असते. नदीला पूर आला म्हणजे पुलाच्या खांबावरील खुणा पाहून ठरावीक वेळाने पाण्याची पातळी टिपून ठेवतात. त्या आकड्यांवरून पुढे कोणालाही पुराचा चढउतार कागदावर काढून दाखवता येतो. हवेच्या कंपाचा चढउतार सीडीसाठी असाच टिपलेला असतो. फरक इतकाच की, ही नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर बसवली जाते. आणि डाव्या व उजव्या बाजूच्या आवाजासाठी अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात.

एवढ्या नोंदी कशासाठी? माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेला आवाज ऐकू येतो. अमेरिकेतील क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे सिद्ध केले की, कंपाचा पूर्ण आकार परत मिळवावयाचा असेल, तर त्यातील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले पाहिजे. म्हणजे सेकंदाला ४०,००० हून काही अधिक नोंदी हव्यात. मग नेमक्या ४४,१०० च का? याचे उत्तर मौजेचे आहे. त्या काळी इतके आकडे साठवण्याचे दुसरे सोयीचे साधन नसल्यामुळे ते दूरचित्रवाणीच्या व्हिडिओ टेपवर, चित्राच्या ओळींच्या रूपाने, ठेवीत. जपान व अमेरिका येथील पद्धतीत सेकंदाला ६० वेळा पडद्यावरून ओळी फिरत, त्यांतील २४५ ओळी दर वेळी या कामी येत आणि एका ओळीत तीन नोंदी बसत. युरोपातील पद्धतीत हेच काम सेकंदाला ५० वेळा आणि २९४ ओळींत होई. दोन्ही गुणाकार वहीत करून पाहावेत; उत्तर एकच येते.

हॉलंडमधील फिलिप्स आणि जपानमधील सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडीचे हे नियम ठरवले, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात सीडी प्रथम विक्रीला आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीत एक तासाहून अधिक संगीत मावते.

आता नातीच्या पडद्यावरील आकड्यांकडे वळू. संगणक सर्व काही शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितो. अशा एका अंकाला बिट म्हणतात. ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी लिहिण्यास १६ बिट लागतात. ४४,१०० ला १६ ने आणि मग दोन बाजूंसाठी २ ने गुणले, तर १४,११,२०० होतात. सीडीवर सेकंदाला इतके बिट खर्ची पडतात. हजाराच्या मापाने हे सुमारे १,४११ किलोबिट झाले. पडद्यावरील १२८ हा आकडाही सेकंदाला तितके किलोबिट असाच वाचावयाचा. १,४११ ला १२८ ने भागून पाहिले, तर ध्यानात येते की अकरा भागांतला एकच भाग उरतो. उरलेले दहा भाग कोठे जातात?

याचे उत्तर एमपीथ्री या पद्धतीत आहे. जर्मनीतील एर्लांगेन येथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या पद्धतीवर मोठे काम केले. त्यांनी यंत्रापेक्षा कानाचा अभ्यास अधिक केला, असे म्हटले तरी चालेल. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशे दारावरून जात असतात, तेव्हा ओटीवर बोलणाऱ्या दोघांचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र ऐकू येत नाहीत. त्यांचा आवाज हवेत असतो. परंतु मोठ्या आवाजाने तो झाकून टाकलेला असतो. गाण्यातही हेच घडते. एखादा स्वर जोराने लागला की त्याच्या शेजारच्या उंचीचे बारीक आवाज त्या क्षणी, आणि त्याच्या किंचित आधी व नंतरही, कानाला कळत नाहीत. एमपीथ्री करणारा प्रोग्रॅम हा हिशेब क्षणाक्षणाला मांडतो. जे कान ऐकणार नाही असे त्याला वाटते, ते ढोबळ लिहितो किंवा सोडून देतो. काही बचत केवळ चतुर लेखनानेही होते, परंतु मोठा वाटा या सोडून देण्याचाच असतो.

ही युक्ती साधणे सोपे नव्हते. सुझन व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ नावाचे गाणे आहे. त्यात वाद्य नाही, ताल नाही, केवळ एकटा आवाज आहे. ब्रांडेनबर्ग यांनी ते आपल्या पद्धतीतून काढून पाहिले, तेव्हा तो मोकळा आवाज अगदी खराब झाला. भरगच्च वाद्यमेळात चुका झाकल्या जातात, एकट्या गळ्यात त्या उघड्या पडतात. तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी आपली पद्धत सुधारत नेली. १४ जुलै १९९५ रोजी अशा फाइलींच्या नावापुढे लावण्याचे ‘एमपीथ्री’ हे शेपूट ठरले, आणि पुढे काही वर्षांतच ते जगभर झाले.

आपल्या संगीताला ही पद्धत कोठे नडते, हेही पाहण्यासारखे आहे. तंबोऱ्याच्या एका तारेतून मूळ स्वराबरोबर अनेक वरचे स्वर मंदपणे झिरपत असतात. तोच तर त्याचा गोडवा. बिट कमी पडले की प्रोग्रॅम प्रथम अशाच बारीक गोष्टींवर हात चालवतो, आणि तेही प्रत्येक क्षणी निराळ्या ठिकाणी. त्यामुळे स्थिर नाद हेलकावे खाऊ लागतो. आजोबांचे ‘पाण्याखालून’ ते हेच. तबल्याची अडचण दुसरी. प्रोग्रॅम आवाजाचे लहान लहान तुकडे करून त्यांवर काम करतो आणि तुकड्यातली चूक त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. तबल्याची थाप तर क्षणात उमटते. मग थाप पडण्याच्या आधीच्या शांततेत पुसटशी खरखर शिरते आणि थापेची धार बोथट होते. एकच राग दोन तुकड्यांत विभागलेला असेल, तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधेच एक बारीक खळ पडते, कारण एमपीथ्री फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी निःशब्द जागा जोडली जाते. वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला ती वगळता आली नाही, तर समेवर येणारा श्रोता अडखळतो.

फ्लॅकची गोष्ट अगदी वेगळी आहे. जॉश कोलसन यांनी तयार केलेली ही पद्धत २००१ साली सर्वांना विनामूल्य खुली झाली. ती काहीही सोडून देत नाही. एखाद्याने रोजचे तापमान ३१, ३२, ३२, ३३, ३१ असे टिपले असेल, तर पहिला आकडा पुरा लिहून पुढे केवळ ‘एक वर, तेवढेच, एक वर, दोन खाली’ इतके लिहिले तरी भागते. जागा वाचते आणि मूळ आकडे केव्हाही परत मिळतात. फ्लॅक मागील नोंदींवरून पुढच्या नोंदीचा अंदाज बांधते आणि अंदाज जेवढ्याने चुकला तेवढेच लिहून ठेवते. अशा रीतीने फाइल मूळच्या साधारण निम्म्या ते दोनतृतीयांश आकाराची होते, आणि उलगडली की सीडीवरील प्रत्येक बिट जसाच्या तसा परत येतो. एमपीथ्रीतून गेलेले मात्र परत येत नाही. एमपीथ्रीची फाइल पुढे फ्लॅकमध्ये बदलली, तरी ती पूर्वीइतकीच उणी राहते. केवळ आकाराने फुगते. आणि एका एमपीथ्रीवरून दुसरी केली, तर तोटाच. पाखडलेले धान्य पुन्हा जोराने पाखडावे आणि कोंड्याबरोबर दाणेही जावेत, तसा तो प्रकार होतो.

काही प्रोग्रॅममध्ये आणखी एक मोह असतो. सेकंदाला ९६,००० नोंदी आणि प्रत्येकी २४ बिट, असा भरघोस पर्याय तेथे दिसतो, आणि मोठा आकडा म्हणजे अधिक चांगले असे कोणालाही वाटावे. नवे ध्वनिमुद्रण करताना त्या आकड्यांना अर्थ आहे. परंतु सीडीवर ४४,१०० नोंदीच आहेत. शेरभर दूध दोन शेरांच्या पातेल्यात ओतल्याने दोन शेर होत नाही.

राहिला प्रश्न जागेचा. एका तासाची सीडी जशीच्या तशी ठेवली, तर सुमारे ६३.५ कोटी बाइट होतात. आठ बिटांचा एक बाइट. दोनशे सीडींचे १२,७०० कोटी, म्हणजे १२७ गिगाबाइट झाले. फ्लॅकमध्ये ते पाऊणशेच्या आसपास येतात. ३२० च्या एमपीथ्रीत २९ पेक्षा थोडे कमी, आणि १२८ च्या एमपीथ्रीत साडेअकरा. २००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने आयपॉड नावाचे खिशात मावणारे यंत्र काढले. त्यात पाच गिगाबाइट जागा होती आणि हजार गाणी मावतात असे ती कंपनी सांगे. तो हिशेब १६० किलोबिटांचा होता. बाबांनी लहान आकडा निवडला, तो अशा तंगीच्या दिवसांत. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आज खिशात राहील एवढ्याशा डिस्कवर हजार गिगाबाइट मावतात; ती तंगी सरली, आणि सवय तेवढी मागे राहिली.

म्हणून या घरात असे ठरले की, प्रत्येक सीडीची एक मूळ प्रत फ्लॅकमध्ये घ्यायची आणि तिला हात लावायचा नाही. मोबाइलवर ऐकण्यासाठी, प्रवासात नेण्यासाठी, मूळ प्रतीवरून एमपीथ्रीची फिरती प्रत काढायची. ती हरवली, पुसली गेली किंवा उद्या एखादी नवी पद्धत निघाली, तर मूळ प्रतीवरून दुसरी काढता येईल. मूळ प्रतीही दोन डिस्कवर ठेवायच्या, आणि त्यांतील एक आत्याच्या घरी.

फिरत्या प्रतीसाठी कोणता आकडा घ्यावा, हे मात्र कोणाच्या सांगण्यावरून न ठरवता कानांनी ठरवले गेले. नात आडोशाला बसून एकच तान दोनदा वाजवी, एकदा फ्लॅकमधून व एकदा एमपीथ्रीतून, आणि पहिली कोणती हे आजोबांनी ओळखायचे. असे दहा वेळा. येथे एक सावधगिरी हवी : नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्याचीही दहांपैकी पाच उत्तरे सहज बरोबर येतात, तेव्हा सहा बरोबर आली म्हणजे फरक कळला असे होत नाही. वाढत्या वयात कानाला उंच आवाज कमी ऐकू येतात. नातीला ऐकू येणारी डासाची बारीक गुणगुण आजोबांपर्यंत पोहोचत नाही. तरीही बाबांच्या जुन्या फाइलीसारख्या दिसणाऱ्या १२८ च्या प्रतीत त्यांनी तंबोरा दहाही वेळा ओळखला, आणि नातीला सातच वेळा साधले. काय ऐकायचे, हे ज्याला ठाऊक असते, त्याचा थकलेला कानही पुढे जातो. २५६ वर मात्र दोघेही चाचपडू लागले. तोच आकडा कायम झाला. त्यातही, अवघड जागी अधिक बिट आणि सोप्या जागी कमी, असे स्वतःच वाटप करणारा प्रकार मिळतो, तो घेतला.

एवढ्याने काम संपले असे नाही, कारण दर्जा कितीही चांगला निवडला, तरी सीडी नीट वाचली गेली पाहिजे. सीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय मुळातच केलेली असते. लहानसहान ओरखडे त्यामुळे ऐकू येत नाहीत. परंतु ओरखडा मोठा असला, तर यंत्र मधल्या नोंदी अंदाजाने भरून पुढे जाते आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून उतरवून घेणाऱ्या चांगल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहण्याची सोय असते. ती हळू चालते. घाई करू नये. सीडी पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नव्हे. सीडीवरील खाचा गोल फिरत जातात. त्यांच्याच दिशेने ओरखडा गेला, तर एका जागचे खूप आकडे सलग बुजतात, आणि आडवा गेला तर थोडेथोडे. पुष्कळांना ठाऊक नसते की, चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू अधिक नाजूक असते. आकडे असलेला धातूचा पातळ थर त्या बाजूच्या रंगाखाली लगेचच असतो. इंग्लंडातील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडींचा हाच थर पुढे तांबूस पडून त्या निकामी झाल्या. सीडी अमर नाही, हे त्यावरून कळून आले.

शेवटी नावांचे काम. संगीताच्या बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे आकड्यांत नोंदलेलीच नसतात. संगणक त्यांना ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ असे म्हणतो. जाळ्यावरून नावे आपोआप येतात, पण ती पुष्कळदा चुकीची, आणि तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे तर क्वचितच. ती माहिती डबीतील कागदावर असते. नात रोज संध्याकाळी एकेक कागद उलगडून राग, ताल, साथीदार आणि साल टंकित करते, आणि अक्षर लहान असेल तेथे आजोबा भिंगातून वाचून सांगतात.

उरल्या त्या चाळीस सीडी. त्यांच्या फाइली पुन्हा बदलायच्या नाहीत, जशा आहेत तशाच ठेवायच्या, असे ठरले. नातीने वहीत त्यांची वेगळी यादी केली आणि प्रत्येक नावापुढे १२८ असा आकडा लिहिला. बाबांनी ती यादी पाहिली आणि घडी करून खिशात ठेवली. गेल्या रविवारी ते शहरात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेले होते. रात्री परतले, तेव्हा यादीतील तीन नावांवर काट मारलेली होती.